धावपट्टी, चार ते नऊ

वर्षातून दोनदा नोटीस लागते :
धावपट्टी चार ते नऊ बंद.
कारणाच्या रकान्याशी साहेब जरा थबकतात,
मग लिहितात, देव समुद्रावर जातो. वाट जुनी.

वाट जुनी, हे खरंच.
डांबर नंतर आलं, माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत.
अकरा नारळ होते त्यांचे,
आता विमान शेपूट वळवतं तिथे कुठेतरी.
सरकारनं झाडागणिक पैसे मोजले.
देवाला काही पैसे घेता येईनात,
म्हणून त्याची वाट तेवढी राहिली.

चारला मी पूर्वेचं फाटक उघडतो.
अग्निशामक बंब डांबरावर पाणी मारून जातो
(आग नाही, पाय आहेत).
वाफ उठते.
तिच्यातून आधी हत्तीण येते, पाठीवर नगारा,
पांढऱ्या पट्ट्याशी थांबते, सोंडेनं हुंगते,
हे कुणी आखलं, असं काहीतरी मनात आणून
पुढे होते.

मग ढाली, मग तलवारी,
मग खांद्यांवर डुलत गरुडावरचा देव,
आणि त्याच्यापुढे राजघराण्यातला वडीलधारा, अनवाणी.
राज्य गेलं, जकात गेली, नाण्यावरचा शंखही गेला.
तलवार आहे, आणि हे चालणं.
एका वर्षी त्याचा पाय कशावर तरी पडला.
चेहरा नाही हलला,
फक्त तलवारीचं टोक
तांदळाएवढं खाली आलं.
मला दिसलं, कारण खडे वेचणं हीच माझी नोकरी.
इंजिनात गेला तर चौकशी बसते.
पायात गेला तर नाही.

यंदा काचेपलीकडे प्रजीश बसलाय.
शारजाचं विमान देवासाठी पावणेदहावर गेलं.
त्याच्या आईनं केळ्याचे काप दिलेत, तीन किलो,
वजनात बसवायला त्यानं जोडे पायातच घातले.
फोन येतो : अच्छन, हत्तीण दिसते इथून.
दिसेल, म्हणालो. काच स्वच्छ आहे.
आणखी काय बोलणार, हातात शिट्टी होती.
पाचव्या वर्षी माझ्या मानेवर बसून
हाच विचारायचा, देवाला पोहता येतं का?
येत असेल. दर खेपेला परत येतो.

समुद्राच्या बाजूनं तोफेचा आवाज आला.
म्हणजे देवानं बुडी मारली.
आम्ही फाटकावरचे चौघे
हात जोडायचे की काय करायचे, असे उभे.

परतताना मशाली. ओली धोतरं, हळदीचा वास,
खाली रांगेनं लागलेले निळे दिवे,
आणि दोन्हींच्या मधून तो म्हातारा,
आता दमलेला, आता कुणाच्याही घरचा.
फाटक लावलं. नऊला दोन मिनिटं कमी.

त्यानंतरची पाऊण घटका माझी.
टॉर्च, झाडू, पोतं.
हत्तिणीनं जे ठेवायचं ते ठेवलंय, भरपूर.
तुळशीची डहाळी. जळकी वात.
कुणाचं तरी चांदीचं घुंगरू, एकटंच.
आणि मधल्या रेषेवर एक खडा,
वाटाण्याएवढा, समुद्राच्या वाळूनं ओला.

उचलला नाही लगेच.
टॉर्च त्याच्यावर धरून उभा राहिलो.
हा इथेच राहिला असं मी फक्त बोललो तर
पुन्हा तपासणी, पुन्हा बंब, एक तास तरी.
देवाला पाच तास मिळतात.

वायरलेसवर साहेब : पंकजाक्षन, झालं?

पावणेदहाला दिवे हलले.
मी कुंपणाशी होतो, कानांवर हात.
चाकं त्याच ओल्या डांबरावरून गेली,
मग ती नव्हती,
आणि समुद्रावर एक लाल टिंब
कितीतरी वेळ उजवीकडे सरकत राहिलं.

नोंदवहीत लिहिलं :
शेण, डहाळी, वात, घुंगरू एक.
खडे : नाहीत.

सदऱ्याच्या खिशाला ओल लागलीय.